तुवालूंतील अळूचे खड्डे

समुद्र चढला म्हणजे बेट बुडतें, असें आमचे विद्यार्थी भूगोलाच्या तासास चटकन् सांगून मोकळे होतात. परंतु बुडण्याच्या पुष्कळ आधीं बेट खारट होतें, हें त्यांच्या ध्यानांत नसतें.

पॅसिफिक महासागरांत तुवालू हें नऊ लहान बेटांचें राष्ट्र आहे. वस्ती सुमारें ११,०००. जमिनीची उंची सरासरी २ मीटर. तेथें नदी नाहीं, ओढा नाहीं. पोंवळ्याच्या सच्छिद्र भूमींत मुरलेलें पावसाचें पाणी हलकें असल्यामुळें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. हें गोडें पाणी लागेपर्यंत लोक खड्डे खणतात, त्यांत पाल्याचें खत घालितात व पुलाका नांवाचा अळूच्या जातीचा मोठा कंद लावितात. समुद्र चढूं लागला, कीं खारें पाणी खालूनच खड्ड्यांत शिरतें. आपल्या कोंकणांत खाजणाचा बांध फुटला तर पुन्हां घालतां येतो. तेथें बांधाचा उपयोग काय? मोठ्या उधाणाच्या भरतीस राजधानीच्या फोंगाफाले बेटावर जमिनींतून पाणी बुडबुडत वर येतें.

म्हणून तेथील लोक छपरांवरील पाऊस टांक्यांत सांठवितात. २०११ च्या दुष्काळांत तेवढ्यानें भागलें नाहीं व आणीबाणी पुकारावी लागली. भाजीपाल्यासाठीं तैवानच्या साह्यानें मळा काढला आहे. शिवाय खाजणांतील वाळू उपसून २०२३ पर्यंत फोंगाफाले येथें सुमारें ७ हेक्टर उंच जमीन नवी करण्यांत आली. परमेश्वरानें नोहाला वचन दिलें असतां पुन्हां जलप्रलय कसा होईल, असें तेथील कित्येक भाविक म्हणत. आम्हांस त्यांच्या श्रद्धेविषयीं आदर आहे. पण नोहासही तारूं बांधावेंच लागलें होतें.

उरला मार्ग देशांतराचा. २०२३ च्या नोव्हेंबरांत ऑस्ट्रेलियाशीं करार झाला; त्या अन्वयें वर्षास २८० जणांस तिकडे राहावयास जातां येतें. २०२५ सालच्या पहिल्या सोडतीस कुटुंबांतील माणसें धरून ८,००० हून अधिक नांवें आलीं. जाणाऱ्यांस परत येण्याची मोकळीक आहे, त्यामुळें सर्वच कायमचे चालले असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पुलाका लावण्याची विद्या खड्ड्याच्या कांठीं उभें राहूनच शिकावयाची असते. घरचीं तरणीं मुलें गेल्यावर खड्ड्यांत पाला कोण घालील, हा प्रश्न आम्हांस समुद्राच्या चढण्याइतकाच कठीण वाटतो.