ऑलीआधी कोबा

"टाच नको, चवडा. टेलवर नुसता चवडा ठेव."

आठवीतली मुलगी मान न वळवता मागचा पाय सरकवते. स्केटबोर्ड इंचभर पुढे घरंगळतो. ती दोन्ही हात पसरून तोल सावरते आणि पुन्हा जागेवर येते. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, गुडघ्यांवर पॅड, पायात शाळेचे पांढरे कॅनव्हास. उजव्या बुटाला करंगळीपाशी काळा चौकोन चिकटवलेला दिसतो.

नगरच्या सावेडी उपनगरातल्या एका कॉलनीचा हा ओपन स्पेस. कडेला गणपतीचं लहानसं देऊळ, देवळापुढे पत्र्याची शेड, शेडखाली कोबा. डिसेंबरातली रविवारची सकाळ आहे, ऊन अजून समोरच्या बंगल्याच्या टाकीवरून खाली उतरलेलं नाही. नगरच्या कोरड्या थंडीत ओठ फुटतात, आणि पोरांनी खिशात व्हॅसलीनची डबी बाळगली आहे. ती ओठांनाही लागते आणि खरचटलेल्या कोपरालाही.

शिकवणारा मुलगा, सगळ्यांचा दादा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलीचा धाकटा भाऊ मोबाइल आडवा धरून शूटिंग करतोय. आणखी एक जण पायरीवर बसून चाक खोलतोय, त्याला बोलण्यात रस नाही.

"वाक. गुडघ्यातनं वाक, कमरेतनं नको. आता टेल हाण!"

ती हाणते. खट्ट. मागचं टोक कोब्यावर आपटतं, पुढचं टोक उसळतं, ती घाबरून दोन्ही पाय बाजूला टाकते, आणि बोर्ड एकटाच उलटा होऊन देवळाच्या पायरीपर्यंत जातो.

"पॉप झाला की!" दादा खूश. "आधी नुसतीच उडी मारायचीस. आता बोर्ड तरी उठला."

ऑली म्हणजे हाताने न धरता, पायाला काहीही न बांधता, बोर्डासकट हवेत जाणं. पाहणाऱ्याला वाटतं, बोर्ड बुटांना चिकटवलेला असणार. मी जवळ जाऊन बघतो, तसं काही नाही. मागच्या पायाने टेल जमिनीवर आपटायची. त्या दणक्याने बोर्ड मागच्या चाकांवर उभा राहू पाहतो. त्याच क्षणी मागच्या पायानेही उडी घ्यायची. तो टेलवर दाबून ठेवला तर बोर्ड जागचा हलत नाही. आता पुढचा पाय. तो बोर्डाच्या मध्याच्या जरा पुढे असतो. बुटाची बाहेरची कड फळीवरच्या खरखरीत ग्रिप टेपवर घासत तो नोजकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, ओढायचा. घासण्याने बोर्ड वर येतो, आणि पाय पुढे दाबला की खाली राहिलेली टेलही उचलली जाते. बोर्ड हवेत आडवा होतो. मग दोन्ही पाय चाकांच्या बोल्टवर आणि गुडघे सैल. एवढं सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. सांगायला मला परिच्छेद लागला, दादा ते करून दाखवतो तेव्हा माझं लक्ष नेमकं चाकांकडे असतं आणि पाय बघायचा राहून जातो. "परत दाखव," म्हटल्यावर तो हसतो. "काका, सगळेच असं म्हणतात."

बुटावरच्या काळ्या चौकोनाचा उलगडा इथे होतो. पुढच्या बुटाची एकच जागा रोज ग्रिप टेपवर घासते आणि कापड फाटतं. म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्यूशनने तिथे डकवायचा. परदेशी पोरं त्यासाठी खास गोंद विकत घेतात असं त्यांनी व्हिडिओत पाहिलंय. इथे पंक्चरवाल्याकडची नळी पुरते. ग्रिप टेप संपली तर हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर. तो लवकर गुळगुळीत होतो, पण होईपर्यंत चालतो.

पायरीवरचा मुलगा चाकातून बेअरिंग काढून रॉकेलच्या वाटीत टाकतो. त्यावर बारीक अक्षरात ६०८ कोरलेलं आहे. आठ मिलिमीटरचं भोक, बाहेरून बावीस, जाडी सात. जगातल्या जवळपास सगळ्या स्केटबोर्डना हाच आकार लागतो, आणि तोच आकार लहान मोटरींतही असतो. "एमआयडीसीच्या गावात बेअरिंगला काय तोटा," तो पहिल्यांदाच तोंड उघडतो. त्याचे वडील नागापूरच्या एका कारखान्यात फिटर आहेत. बोर्ड बाहेरून मागवावा लागतो, चाकांचे आस धरणारे ट्रकही. पण बेअरिंग साफ करायची, वंगण किती घालायचं, हे त्याला घरीच कळलेलं आहे. दुकानात खेळणं म्हणून मिळणाऱ्या बोर्डबद्दल त्याचं मत कडक आहे. त्याची चाकं टणक प्लॅस्टिकची, फळी जड, टेल आपटली की दोन महिन्यांत चिरते. "त्यावर ऑली येत नाही. आणि मग पोरांना वाटतं, आपल्यालाच येत नाही."

चाकाचंही एक प्रकरणच आहे. पूर्वी अमेरिकेत ही चाकं लोखंडाची, मग भाजलेल्या मातीची असायची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलियुरेथेनची चाकं आली आणि रस्त्यावर पकड मिळू लागली. पुढे १९७६-७७ साली कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, बंगल्यांतले पोहण्याचे तलाव कोरडे पडले, आणि पोरं त्या गोल तळाच्या हौदांत बोर्ड घेऊन उतरली. दुष्काळ म्हटल्यावर नगरच्या माणसाचे कान टवकारतात. पण आमच्याकडे कोरडे पडतात ते पाझर तलाव, आणि त्यांच्या तळाशी दगडगोटे. दुष्काळानेही शेवटी आपापल्या ऐपतीप्रमाणेच द्यायचं. याच दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या ॲलन गेलफंड नावाच्या पोराने हौदाच्या भिंतीवर हात न लावता बोर्ड हवेत नेला. त्याचं टोपणनाव ऑली, तेच उडीला चिकटलं. सपाट जमिनीवर ती उडी आणली रॉडनी मुलेनने, १९८२ च्या सुमाराला. म्हणजे या कोब्यावर चाललंय ते मुलेनचं. हौद नाही, उतार नाही; फक्त पाय, फळी आणि सपाटी.

आणि सपाटीच मिळत नाही. दादा मला शहराचा एक वेगळाच नकाशा सांगतो. डांबरी रस्त्यावर बारीक खडी सुटलेली असते. जेमतेम दोन इंचांच्या चाकाखाली एक खडा आला की बोर्ड जागीच थांबतो आणि वरचा माणूस पुढे जातो. पेव्हर ब्लॉकवर दात वाजतात. नवे काँक्रीट रस्ते दुरून छान दिसतात, पण गाड्या घसरू नयेत म्हणून त्यांच्यावर ब्रशने आडव्या रेघा ओढलेल्या असतात. शहाबादी फरशीच्या सांध्यात चाक अडकतं. गुळगुळीत टाइल्स असतात त्या दुकानांच्या दारात, आणि तिथे वॉचमन असतो. "गुलमोहर रोडपासून भिंगारपर्यंत सगळं बघितलंय, काका. रात्री गाडीवर फिरून, पायाने घासून."

हा कोबा मात्र कुणा गवंड्याने मन लावून घोटलाय. थापी कुठे उचलली तेही कळत नाही. भजनाला बसणाऱ्यांना गारवा मिळावा म्हणून केला असेल. उपयोग असा झाला.

देवळात पूजेला आलेल्या आजी ताम्हन घेऊन बाहेर येतात. पुढची 'खट्ट' त्यांच्या अगदी जवळ होते.

"अगं, पाय मोडशील ना!"

"नाही मोडत, आजी. पडायचं कसं ते शिकवलंय."

ही थाप नाही. सुरुवातीचे दिवस दादाने तिला बोर्डवर उभंच राहू दिलेलं नाही. तालमीत नव्या पोराला आधी मातीत पडायला शिकवतात, तसंच त्याने पलीकडच्या गवतावर तिला पडायला लावलं. तळहात ताठ टेकवायचे नाहीत, कारण सगळा भार मनगटावर येतो आणि तिथलं हाड जातं. हात मुडपायचे, खांद्यावर घ्यायचं, लोळायचं. मग गवतावरच बोर्ड ठेवून टेल आपटायला लावली, कारण गवतात चाकं फिरत नाहीत. त्यानंतर शेडच्या खांबाला धरून. आज खांब सुटलाय.

शेडच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचणारे आजोबा चष्म्यावरून बघतात. "मुलीच्या जातीला हे कशाला" असं काहीतरी येईल म्हणून मी कान देतो. येतं ते निराळं. "एवढी मेहनत करायची तर कुस्ती करावी. माती मऊ असते." २०२५ ची महाराष्ट्र केसरी याच शहरात झाली, वाडिया पार्कवर. आजोबा ती बघायला रोज जाऊन बसले होते. कुस्तीला या जिल्ह्यात वस्ताद आहेत, जत्रेत फड आहेत, इनाम आहे. स्केटबोर्डला काय आहे, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

धाकटा भाऊ मोबाइल त्यांच्यापुढे धरतो. पडद्यावर पुण्याची श्रद्धा गायकवाड आहे. वडील सुरक्षारक्षक, २०२२ साली गुजरातमध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा तिने स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक घेतलं. आजोबा व्हिडिओ दोनदा बघतात. "सुवर्ण?" "हो. आणि ऑलिंपिकमध्येपण आहे हा खेळ, आजोबा. टोकियोपासून." टोकियोत महिलांच्या स्ट्रीटमध्ये सुवर्ण मिळवणारी मोमिजी निशिया तेव्हा तेरा वर्षांची होती, आणि रौप्य मिळवणारी ब्राझीलची रायसा लेआलसुद्धा तेराच. आजोबा पेपरची घडी घालतात. मत बदललं असं दिसत नाही, पण खुर्ची मात्र कोब्याच्या दिशेला वळलेली असते.

इकडे काम अडलंय. बोर्ड उठतो, पण तिचा पुढचा पाय ओढला जाण्याऐवजी पुढे फेकला जातो. बोर्ड मागे राहतो, ती पुढे पडते. एकदा फळी उलटून कडेने नडगीवर बसते. ती खाली बसून नडगी दोन्ही हातांनी आवळते, तोंडातून शब्द नाही. भाऊ शूटिंग थांबवतो. नडगीवर मांस नसल्यामुळे हा मार फार झणझणतो, आणि ऑली शिकणाऱ्या प्रत्येकाला तो ठरलेलाच. दादा स्वतःची पँट वर करून दाखवतो: जुन्या खपल्यांची रांग.

"का जातोय पाय पुढं?"

"भीतीनं," पायरीवरचा उत्तर देतो. "खांदे बघ तिचे. मागं झुकतायत."

हे मला दिसलंच नव्हतं. दादा तिच्या समोर उभा राहतो. "बोर्डाकडं बघू नको. खांदे बोर्डाच्या वर ठेव. पाय ओढ, मार नको. घोट्यातनं वळव बूट."

खट्ट. पुन्हा खट्ट. पलीकडे कुकरची शिट्टी होते, कुणीतरी स्कूटर सुरू करतं. पुन्हा खट्ट, आणि या वेळी त्या आवाजामागून एक दुसरा आवाज येतो. चारही चाकं एकदम टेकल्याचा, बोजड. ती बोर्डवर आहे. दोन्ही पाय वर आहेत. मागचा बोल्टवर नाही, टेलच्या टोकाशीच आहे, पण वर आहे.

"झालं का?" ती विचारते. तिला खरंच कळलेलं नाही.

भाऊ व्हिडिओ मागे नेतो आणि चौघं डोकी जुळवून बघतात. मीही मान घालतो. संथ गतीत चाकांखालून पलीकडची पायरी दिसते. उंची म्हणाल तर फळ्यावरच्या खडूइतकी. दादा लगेच खिशातून खडू काढतो आणि बोर्डाच्या पुढे कोब्यावर आडवा ठेवतो. "याच्यावरनं. बोर्ड चालता ठेवून." ती त्याच्याकडे असं बघते, की हा माणूस आपल्याला कधी शाबासकी देणारच नाही. चालत्या बोर्डवर ऑली सोपी पडते असं जाणकार सांगतात, कारण थांबलेला बोर्ड दणक्याने कुठेही घसरतो. पण घाबरलेल्याला ते पटवणं अवघड.

साडेआठला आरती. त्याआधी पोरं बोर्ड उचलतात, केरसुणीने कोबा झाडतात, टेलने उमटलेले काळे ओरखडे ओल्या फडक्याने पुसतात. असा करार कॉलनीच्या मंडळाशी झालाय: रविवारी सात ते साडेआठ, आणि घाण नको. आजपर्यंत त्यांनी तो मोडलेला नाही. इतर दिवशी भजन, हळदीकुंकू, सोसायटीची सभा. कोबा सगळ्यांचा, त्यामुळे तक्रार नाही. पण आठवड्यातून दीड तासात ऑली शिकायची म्हणजे मुलगी दहावीला जाईल.

नगर आता महानगर आहे, नवं नाव आहे, आणि प्रत्येक नव्या लेआउटमध्ये ओपन स्पेस सोडलेला आहे. बहुतेकांत गाजरगवत आहे, काहींत गंजलेली ओपन जिम. यातल्या एखाद्या जागेत चाळीस फूट बाय साठ फुटांचा साधा कोबा टाकावा. रॅम्प नको, हौद नको, उद्‌घाटनाची कोनशिलाही नको. फक्त वर ब्रश मारू नये, थापीने घोटून द्यावा. महापालिकेच्या ज्या नगरसेवकाच्या किंवा अभियंत्याच्या हातात हे असेल, त्यांनी एखाद्या रविवारी सातला सावेडीत यावं. जागा दाखवायला पोरं तयार आहेत, यादी त्यांच्याकडे आहे.