कुलूप शाबूत, चाक गायब

साखळी जिथल्या तिथे होती. कुलूपही शाबूत होतं. सायकलची फ्रेम रेलिंगला तशीच बांधलेली आणि पुढचा चिमटा मात्र जमिनीवर टेकलेला. चाक नव्हतं. कर्वे रस्त्यालगतच्या गल्लीत, संध्याकाळच्या गर्दीत, मी जेमतेम वीस मिनिटं सायकल सोडून गेलो होतो. समोरच्या चहावाल्याने काही पाहिलं नव्हतं आणि त्यात त्याचा दोष नाही. ते चाक काढायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात एक ग्लासही विसळून होत नाही.

उरलेली सायकल मागच्या चाकावर चालवत नेहमीच्या दुकानात नेली. तिथल्या काकांनी कुलूप हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "कुलूप चांगलं आहे हो. पण ते फ्रेमचं झालं. चाकाचं काय?" या लेखाचा विषय तो प्रश्नच आहे, कारण माझ्यासारखे अनेक जण चांगलं कुलूप घेतात आणि निर्धास्त होतात.

आमच्या वडिलांच्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलला हा प्रश्न फारसा पडत नसे. मागच्या चाकाला घोड्याच्या नालेसारखं कुलूप, आसाच्या दोन्ही बाजूंना घट्ट नट. मागच्या आसावर स्टँड, कॅरिअरच्या काड्या, मडगार्डच्या काड्या असा सगळा संसार एकत्र अडकवलेला. ते चाक सोडवायला मेकॅनिकलाही पाना घेऊन बसावं लागे. चोर न्यायचा तो घंटी किंवा डायनॅमो, फार तर सीट. आजच्या गिअरच्या सायकलीत मात्र बऱ्याचदा आसाच्या टोकाला एक दांडी असते. ती फिरवली आणि दुसऱ्या टोकाचा नट दोन-तीन वेढे सैल केला की चाक हातात येतं. याला क्विक रिलीज म्हणतात. पोकळ आसातून पाच मिलिमीटर जाडीची एक सळई जाते. तिच्या एका टोकाला नट आणि दुसऱ्या टोकाला दांडी असते. दांडीच्या बुडाशी लंबगोल कॅम असतो. दांडी आत दाबली की तो कॅम सळई ताणतो आणि चिमट्याची दोन्ही टोकं आसावर आवळून बसतात.

ही करामत इटलीच्या तुलिओ काम्पान्योलो यांच्या नावावर सांगितली जाते. 1927 च्या नोव्हेंबरात क्रोचे द'आउने या घाटात शर्यत चालू असताना बर्फ पडत होतं. त्या काळी चढ आला की मागचं चाक काढून उलटं बसवायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूची मोठी दातेरी चकती साखळीखाली येई. थंडीने गारठलेल्या बोटांनी काम्पान्योलोंना चाकाचे पंखनट सोडवता आले नाहीत आणि तिथेच त्यांना ही कल्पना सुचली, अशी कथा आहे. कथेच्या तपशिलांवर अभ्यासक शंका घेतात. पण 1933 मध्ये त्यांनी विचेन्झात सुरू केलेली कंपनी आणि तिचा क्विक रिलीज या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि शर्यतीच्या सायकलीवर त्यांनी फार मोठे उपकार केले आहेत. पंक्चर झालेलं चाक काही सेकंदांत बदलता यावं ही शर्यतवाल्यांची खरी गरज होती. ऑफिसला जाणाऱ्याची ती गरज नाही. त्याला चाक काढावं लागतं ते पंक्चर झालं तर किंवा सायकल गाडीच्या डिकीत टाकताना. शर्यतीची सोय शहराच्या सायकलीवर तशीच आली आणि तिचा सगळ्यात जास्त फायदा चोराला झाला.

उरलेल्या सायकलीची गोष्ट फार वेगळी नाही. हँडलचा दांडा, सीटचा खांब, ब्रेकचे जबडे, बाटलीचा पिंजरा यांतलं बरंच काही चार, पाच किंवा सहा मिलिमीटरच्या ॲलन बोल्टवर असतं. पाचची एक ॲलन की खिशात असली की निम्मी सायकल सुटते. ती की कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

सुरक्षा बोल्टची कल्पना इथून सुरू होते. तो बोल्ट इतरांपेक्षा फार मजबूत असतो असं नाही. त्याचं डोकं चोराच्या खिशातल्या अवजाराला ओळखत नाही, एवढंच. सगळ्यात स्वस्त प्रकारात षटकोनाऐवजी पंचकोनी खाच असते, किंवा ताऱ्यासारख्या खाचेच्या मधोमध एक बारीक खिळा. त्यांच्या चाव्या बाजारात सरसकट मिळतात, त्यामुळे तयारीने आलेला चोर थांबत नाही. जाता जाता हात मारणारा मात्र थांबतो आणि माझ्या मते चाकं नेणाऱ्यांत त्यांचीच संख्या मोठी असावी.

त्याच्या वरच्या पायरीवर जर्मनीच्या पिटलॉक किंवा कॅनडाच्या पिनहेड अशा कंपन्यांचे सळई-जोड येतात. क्विक रिलीज पूर्ण काढून त्याच्या जागी हे बसतात. दांडी नसते. बाहेर फक्त एक गुळगुळीत डोकं दिसतं, ते पक्कडीला धरता येत नाही आणि नेहमीचा पानाही त्याच्यावर बसत नाही. आतल्या खाचेचा आकार सांकेतिक असतो आणि तिची चावी फक्त मालकाकडे. अशाच जोडाने सीट आणि हँडलही एका चावीखाली आणता येतात.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती गुरुत्वाकर्षणाची आहे. आबुस कंपनीचा नटफिक्स आणि क्रिप्टोनाइट कंपनीचे व्हीलनट्झ हे नट याच तत्त्वावर चालतात. सायकल उभी असताना आतला छोटा खटका स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि नट अडवून धरतो. सायकल आडवी केली तरच खटका सरकतो आणि नट फिरतो. वेगळी चावी लागत नाही. फ्रेम खांबाला बांधलेली असल्यावर चोराला सायकल आडवी करता येत नाही, म्हणजे इथे कुलूप आणि नट एकमेकांना साथ देतात. कुलूप सैल ठेवलं, सायकल कलंडली, की ही साथ संपली.

बर्लिनच्या हेक्सलॉक्स कंपनीने आणखी वेगळा मार्ग काढला. तुमचा आहे तोच ॲलन बोल्ट ठेवायचा आणि त्याच्या खाचेत लोहचुंबकाने धरून राहणारी एक छोटी गुडदी बसवायची. खाचच भरली गेल्यावर ॲलन की जाणार कुठे? ती गुडदी काढायला सांकेतिक चावी लागते. बोल्ट लोखंडी हवा, कारण ॲल्युमिनियमला किंवा टायटॅनियमला चुंबक धरत नाही.

या परदेशी वस्तू महाग आहेत, पण तेच काम करणारी एक जुनी युक्ती कुठल्याही सायकलवाल्याकडे जवळजवळ फुकट होते. काकांनी माझ्या सायकलीवर तीच केली. पुढच्या हबमध्ये जे छर्रे असतात, त्यांचा व्यास इंचाचा तीन-षोडशांश, म्हणजे 4.76 मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या ॲलन खाचेत असा छर्रा अगदी नेमका उतरतो. वर मेणबत्तीचं मेण ओतून खाच भरायची. हॅण्डलच्या वाटीतले 5/32 इंचाचे बारीक छर्रे, म्हणजे 3.97 मिलिमीटरचे, चारच्या खाचेला चालतात. बोल्ट पुन्हा उघडायचा असेल तेव्हा मेण सुईने उकरायचं, थोडी ऊब द्यायची आणि छर्रा चुंबकाने ओढून घ्यायचा. मालकाला यात पाच मिनिटं लागतात. भर रस्त्यात इकडेतिकडे बघणाऱ्या चोराला पाच मिनिटं कोण देणार? मेणाऐवजी एम-सील भरणारे लोक पाहिले आहेत. तसं करू नका, तो बोल्ट मग तुम्हालाही उघडणार नाही.

सीटसाठी याहून सोपा इलाज आहे. जुन्या सायकलच्या साखळीचा पुरेसा लांब तुकडा घ्यायचा, तो जुन्या ट्यूबच्या तुकड्यात घालायचा म्हणजे रंग खरवडत नाही, आणि सीटखालच्या दांड्यांतून व फ्रेममधून ओवून साखळीची पिन परत ठोकायची. क्विक रिलीज बदलणं जमत नसेल त्याने दांडी आणि चिमट्याचा पाय यांच्याभोवती होज क्लिप आवळावी. ती सोडवायला स्क्रू-ड्रायव्हर लागतो. थोडाच अडथळा, पण दोन बोटांनी सुटणाऱ्या चाकापेक्षा कितीतरी बरा.

चावीबद्दल 2004 सालचा एक धडा विसरू नये. क्रिप्टोनाइट ही कुलपांच्या जगातली मोठी कंपनी. त्या वर्षी सप्टेंबरात असं उघड झालं की तिची गोल चावीची कुलपं साध्या बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात. जाड पोलादी कडी तशीच राहिली आणि पेनाने कुलूप उघडलं. कंपनीला ग्राहकांना कुलपं बदलून द्यावी लागली. म्हणून बोल्ट घेताना पोलाद किती जाड आहे यापेक्षा त्याची चावी किती दुर्मिळ आहे हे आधी विचारा.

आणि बोल्ट म्हणजे कुलूप नव्हे. नुसत्या पुढच्या चाकाला साखळी लावणारा माणूस चाक वाचवतो आणि सायकल गमावतो. चाक बोल्टने पक्कं केलं तरी हँडलचे दोन बोल्ट आणि वरची टोपी सोडवून चिमटा चाकासकट निघतो, म्हणून छर्रा तिथेही हवा. अमेरिकेतले मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी सायकलवाल्यांना खूप शिकवलं. त्यांची एक सूचना मी रोज पाळतो. यू आकाराचं छोटं कुलूप मागच्या चाकातून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत, खांबाला लावायचं. रिम त्या त्रिकोणातून ओढून बाहेर काढता येत नाही, त्यामुळे मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही एका कुलपात येतात. गिअरच्या चकत्यांमुळे मागचं चाक तसंही जास्त महाग असतं. मग बोल्ट फक्त पुढचं चाक सांभाळतो आणि दुसरं जड कुलूप पाठीवर वाहावं लागत नाही.

बोल्ट बसवल्यावर तो पुरेसा आवळला आहे ना, हे दुकानातच तपासून घ्या. डिस्क ब्रेक दाबला की चाकाला खाचेतून खाली ढकलणारा जोर येतो, आणि सैल आस म्हणजे घाटात अपघात. आपल्या पावसाळ्यात असे बोल्ट गंजून बसतात, तेव्हा जूनच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास उघडून ग्रीस लावा. चावी घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवा, सीटखालच्या पिशवीत नको. पण ती बरोबर असायलाच हवी. खडकवासल्याच्या पुढे पंक्चर झालं आणि चावी घरी असेल तर चाक तुम्हालाही निघणार नाही. चावीचा सांकेतिक क्रमांक वेगळा लिहून ठेवा.

चाक गेलं की पोलीस चौकीत काय होतं तेही माहीत असावं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 303 मध्ये चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने पाच हजार रुपयांच्या आतला माल परत केला तर समाजसेवेची शिक्षा आहे. सोबतच्या नागरिक सुरक्षा संहितेत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. साध्या सायकलचं एक चाक बहुधा या मर्यादेच्या आतच बसतं. नोंद होईल, पण कुणी शोधायला निघणार नाही. नोंद तरीही करा. त्यासाठी पावती आणि पॅडलच्या आसाखाली कोरलेल्या फ्रेम क्रमांकाचा फोटो जपून ठेवा.

माझं चाक परत आलं नाही. नवीन घेणं मला परवडलं. पण पहाटे सायकलने कामावर जाणारा सुरक्षारक्षक, पेपर टाकणारा मुलगा, धुणीभांडी करायला दूरच्या वस्तीतून येणारी बाई यांचं चाक गेलं तर दुसऱ्या दिवशीची मजुरीही जाते. त्यांच्यासाठी परदेशी बोल्टची गरज नाही. सायकल विकणाऱ्या दुकानदारांना माझी विनंती आहे, की शहरात वापरायची सायकल देताना दांडीचा क्विक रिलीज काढून साधा ॲलनचा सळई-जोड बसवा, त्यात एक छर्रा टाका, वर मेण ओता, आणि ते कसं उघडायचं हे गिऱ्हाइकाला दाखवून द्या. ज्यांच्याकडे सायकल आधीपासून आहे, त्यांनी आज संध्याकाळी खाली उतरून पुढच्या आसाकडे एकदा बघावं. तिथे दांडी दिसली, तर उद्या सायकल बाहेर लावण्यापूर्वी तिचा बंदोबस्त करा.