पावणेनऊ मिलिमीटरची बार्शी लाईट

पहाटे साडेपाच. येडेश्वरीच्या डोंगराकडून घंटेचा आवाज आला की येरमाळ्यात चुली आणि गॅस पेटतात. मी चहा ठेवण्याआधी माळवदावरच्या खोलीत जाऊन प्लायवूडच्या फळीवर पुन्हा एकदा टेप धरतो. आठ फूट बाय चार फूट, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. एवढ्या जागेत मला बार्शी लाईट रेल्वे बसवायची आहे.

आमच्या गावाला रेल्वे कधीच नव्हती. पण आईचं माहेर बार्शीचं. दिवाळीहून परतताना ती बार्शीला या लाईनच्या छोट्या गाडीत बसायची, येडशीला उतरायची आणि पुढे एसटी धरायची. पुण्यात कोथरूडला 1998 पासून जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. ते पाहून आलो तेव्हापासून माझ्या डोक्यात ही गाडी फिरते आहे.

सात वाजता चहा घेताना आईला विचारलं, गाडीतलं नेमकं काय आठवतं? ती म्हणाली, "घाटात वळण आलं की शेवटच्या डब्यातून आपलंच इंजिन दिसायचं. आम्ही पोरी खिडकीतून ओरडायचो. ते दिसलं पाहिजे बघ."

तेवढं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. आराखड्याची खरी सुरुवात तिथून झाली.

साडेनऊला दुकान उघडलं. माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. हंगामात पीकविम्याचे अर्ज, एरवी सातबारा आणि दाखले. गर्दी बारापर्यंत. त्या वेळात रुळांना हात लावत नाही. लोक शेतातलं काम टाकून आलेले असतात.

बारानंतर एक्सट्रॅककॅड उघडलं. रुळांचे नकाशे काढायचं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. एनीरेल आणि स्कार्म शिकायला सोपी आहेत, पण फुकटात ठरावीक तुकडेच लावू देतात: एनीरेल 50, स्कार्म 100. नवख्याने त्यांच्यावर हात बसवायला हरकत नाही. मला मोठा नकाशा काढायचा होता म्हणून मी एक्सट्रॅककॅड निवडलं. पडद्यावरची नावं सगळी इंग्रजी. मी शेजारी वही ठेवतो: टर्नआउट म्हणजे आपला सांधा, ग्रेड म्हणजे चढ, रेडियस म्हणजे त्रिज्या. सांध्यावर उभा राहणारा सांधेवाला आपल्या बोलीत आधीच आहे, मग सांधा म्हणायला संकोच कसला?

आधी फळीचं माप भरलं, मग प्रमाण. इथे एक गोष्ट कळली आणि फार आनंद झाला. एचओ हे सर्वांत रुळलेलं प्रमाण 1:87 चं; त्याचे तयार रूळ 16.5 मिलिमीटर अंतराचे, कारण ते 1435 मिलिमीटरच्या परदेशी रुळांसाठी बनतात. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. ती त्या प्रमाणात 19 मिलिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे तयार रूळ बसतच नाहीत. पण बार्शी लाईट अडीच फुटी, 762 मिलिमीटर. भागिले 87 केलं की पावणेनऊ! आणि 9 मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. मोठ्या गाडीपेक्षा आमची छोटी गाडीच जास्त खरी होते.

मग पहिली चूक केली. कुर्डुवाडी ते लातूर सगळं काढायला बसलो. 1 किलोमीटर या प्रमाणात साडेअकरा मीटर होतो. गावभर फळ्या लागतील. ते पुसलं आणि पांगरी ते येडशी एवढीच बालाघाटाची चढण ठेवली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने 1897 मध्ये ही लाईन बार्शीपर्यंत आणली, 1911 मध्ये ती लातूरला पोहोचली, 1927 मध्ये दुसऱ्या बाजूला मिरजेला. प्रत्येक आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा हिशेब होता. म्हणून हलके रूळ पुरले. मोजून बांधलेली लाईन होती ती. तिचा नमुनाही मोजूनच व्हायला हवा.

दोनला वीज गेली. इन्व्हर्टर दोन मिनिटांत बसला आणि तासाभराचं काम गेलं. आता दर पंधरा मिनिटांनी पेनड्राइव्हवर प्रत ठेवतो.

साडेतीन ते सहा आईच्या वळणात गेले. बाजारातला एक लहान तयार वक्र तुकडा 228 मिलिमीटर त्रिज्येचा. माझा डबा 14 सेंटिमीटरचा. चार डबे आणि इंजिन मिळून 70 सेंटिमीटर. त्या तुकड्यांवर अख्खी गाडी अर्ध्या वर्तुळात गुंडाळली जाते आणि जत्रेतलं खेळणं दिसतं. त्रिज्या 500 केली. आता गाडी जेमतेम पाव वर्तुळात मावते, इंजिन शेवटच्या डब्यातून तिरपं दिसतं, आणि 1220 च्या फळीत दोन्ही कडांना 11 सेंटिमीटर उरतात. चढ मात्र हट्टाने शंभराला पाच दिला होता. मी कमाल तीन ठरवून ठेवला होता, त्यामुळे रुळांचा रंग लगेच बदलला. 6 सेंटिमीटर चढायला शंभराला तीनने 2 मीटर लागतात, उतरायला तेवढेच. साडेपाच मीटरच्या फेऱ्यात स्टेशनला सपाट दीड मीटर उरला. दोन सांधे आणि एक लूप त्यात बसतो.

रात्री नऊ. पाव वळण खऱ्या मापात छापलं. ए4 ची सहा पानं. छापताना 'पानात बसवा' ही खूण काढली आणि पट्टीने 100 मिलिमीटर तपासले. पानं चिकटवून फळीवर अंथरली, त्यांवर पुठ्ठ्याचे चार डबे आणि एक इंजिन मांडलं. आई शेवटच्या डब्याशी वाकली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हां. असंच."

स्टेशन अजून अंदाजाने काढलेलं आहे. ब्रॉडगेजसाठी ही लाईन धाराशिव शहरावरून वळवली गेली आणि 2008 मध्ये कुर्डुवाडीपर्यंतचं काम पूर्ण झालं. जुन्या खुणा झपाट्याने जात आहेत. पांगरीच्या किंवा येडशीच्या नॅरोगेज यार्डाचा फोटो, नकाशा किंवा नुसती आठवणसुद्धा तुमच्या घरात असेल, तर ती जपा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून मापांसकट लिहून ठेवा.