आई आणि पिल्लांमधली जाळी

बीड शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाणी साठवावं लागतं. अंगणातला हौद, गच्चीवरची टाकी, दारातला रांजण, सगळं भरून ठेवायचं. या साठवणीवर टपून असतो डेंग्यूचा डास, कारण त्याला गटार नको असतं, असं स्वच्छ आणि न हलणारं पाणीच लागतं. मग हिवताप विभागाचे कर्मचारी येतात आणि हौदात थोडे गप्पी मासे सोडून जातात. पुढचं काम मासे करतात.

गप्पी मूळचा व्हेनेझुएला-त्रिनिदादकडचा. भारतात तो 1908 साली आणला गेला. नर जेमतेम 3 सेंटिमीटरचा, मादी त्याच्या दीडपट ते दुप्पट. एवढासा जीव डासाची अळी ओळखतो तरी कशी? ओळखत नाहीच! त्याचा नियम एकच: हलतंय आणि तोंडात मावतंय, तर गिळायचं. पूर्ण वाढलेली अळी असते 6-7 मिलिमीटरची. आता सांगा, गप्पीचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू केवढं असेल? तेही साधारण तेवढंच! आणि तेही वळवळतंच.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. पिल्लू बाहेर येतं, आणि आई वळून त्यालाच गिळते. ज्या भुकेसाठी आपण या माशाला हौदात सोडलं, तीच ही भूक. (म्हणूनच हौदातले गप्पी बिंदुसरा किंवा सिंदफणा नदीत कधीही सोडू नयेत, तिथल्या देशी माशांची पिल्लं त्यांना वेगळी वाटायचं कारणच नाही.) घरी गप्पी वाढवायचे, तर काचेच्या लहानशा टाकीत मध्ये एक जाळी उभी करावी लागते ती पिल्लांना आईपासून वाचवण्यासाठी. साधी प्लास्टिकची जाळी, पण तिच्यामुळे काय काय साधतं पाहा.

आधी आईच्या पोटात डोकावू. बहुतेक मासे अंडी पाण्यात टाकतात आणि निघून जातात. गप्पीची अंडी पोटातच वाढतात, तिथेच फुटतात, आणि साधारण महिन्याने मादी पोहती पिल्लं जन्माला घालते, एका खेपेला वीस, तीस, कधी त्याहून जास्त. यासाठी बीज आत पोहोचवावं लागतं. म्हणून नराचा पोटाखालचा मागचा पर वयात येताना लांबट, टोकदार होतो आणि त्याच कामाला लागतो. इतक्या लहान माशांत हा प्रकार दुर्मीळ वाटेल, पण आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच त्याचं एक विलक्षण उदाहरण आहे. 1940 साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी तत्कालीन मुंबई प्रांतातल्या एका इवल्याशा माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं: होराइक्थिस सेतनाई. दोन-अडीच सेंटिमीटरच्या या माशाचा नर बीजाची बंद पुडीच मादीच्या अंगाला चिकटवतो, आणि मादीला पोटाखालच्या परांच्या जोडीतला उजवा परच नसतो!

गप्पीच्या मादीचं आश्चर्य आणखी पुढचं. पेवात ज्वारी साठवावी तसं ती नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि एका मीलनावर महिनोन्महिने, खेपेमागून खेप पिल्लं देत राहते. नर मरून गेला तरी त्याची पिल्लं जन्माला येत राहतात. म्हणजे आज दुकानातून एकटी मादी आणून घरी ठेवली, सोबत नर ठेवलाच नाही, तरी महिन्याभरात टाकीत पिल्लं दिसू शकतात.

आता टाकी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे 56 लिटर पाणी. मोठा भाग आईचा, तिसरा हिस्सा पिल्लांचा, मध्ये तळापासून झाकणापर्यंत जाळी. जाळीचं भोक 3 मिलिमीटरच्या आसपास असलं की पिल्लू सहज पार होतं आणि पोटुशी आई अडते. पिल्लांच्या बाजूला दाट पाणवनस्पती ठेवायच्या. जन्मताच पिल्लू आडोसा शोधत पळतं, आणि पलीकडे हिरवी दाटी दिसत असते.

पण खरी गंमत पाण्याच्या वाहण्यात आहे. पिल्लांच्या कप्प्यात स्पंज फिल्टर ठेवा आणि त्याच्या नळीचं तोंड जाळीतून आरपार आईच्या कप्प्यात वळवा. नळीत पंपाने हवेचे बुडबुडे सोडले की बुडबुड्यांचं पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा हलकं होतं, आणि बाहेरचं जड पाणी त्याला वर ढकलतं. पाणी उचलायला पातं नाही, चाक नाही, नुसती हवा! आईच्या बाजूची पातळी केसभर चढते आणि तेवढंच पाणी जाळीतून पिल्लांकडे परत येतं. हा मंद ओघ नवजात पिल्लालाही अलगद पलीकडे यायला मदत करतो. फिल्टरचं ओढतं तोंड स्पंजचं, म्हणून पिल्लू त्यात खेचलं जात नाही.

आणि स्पंज म्हणजे केवळ गाळणी नव्हे. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, आणि इतक्या थोड्या पाण्यात तो विष ठरतो. स्पंजच्या छिद्राछिद्रांत जिवाणूंची वस्ती होते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, जे मासे बरंच सोसतात आणि वनस्पती खतासारखं शोषून घेतात. शंभरहून अधिक वर्षं शास्त्रज्ञ धरून चालले होते की ही दोन कामं दोन वेगळ्या जिवाणूंचीच. 2015 साली दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा जिवाणू सापडला. कुठे सापडला असेल? एक ठिकाण होतं मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेला फिल्टर! ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच ठेवावेत, आणि स्पंज धुताना नळाचं क्लोरीनचं पाणी मुळीच वापरू नये, टाकीतल्याच पाण्यात पिळून घ्यावा.

बीडकरांना इथे एक लाभ फुकटात मिळतो. ज्या बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, ते क्षारांचं पाणी गप्पीला मानवतं. मात्र असं पाणी अल्कधर्मी असलं की अमोनिया जास्त विषारी होतो, आणि उन्हाळा त्यात भर घालतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. एप्रिल-मेमध्ये वीज गेली की पंप थांबतो, आणि प्राणवायू कमी पडतो तो नेमका तेव्हाच. टाकी भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवा आणि मासे दाटीवाटीने भरू नका.

चार-पाच आठवड्यांत पिल्लांपैकी काहींचा पोटाखालचा पर टोकदार होऊ लागतो. हे नर. त्यांना लगेच वेगळं करा, कारण बहिणीही लवकरच वयात येतात. पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्या अंगावर रंग उतरतो. 1920 साली कोपनहेगनमध्ये जीवशास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांना दिसलं की गप्पीच्या नराचा एक विशिष्ट ठिपका बापाकडून मुलाकडे जातो, मुलींमार्फत कधीच नाही. नराचं लिंग ठरवणाऱ्या वाय गुणसूत्रावरच तो नोंदलेला असतो! तुमच्या टाकीतल्या नराच्या पाठीवरच्या परावर असा काळा ठिपका असेल तर त्याच्या मुलांच्या त्याच जागेकडे लक्ष ठेवा. ठिपका जुळला नाही, तर बहुधा मादी तुमच्याकडे येण्याआधीच बीज साठवून आली होती, आणि समोर पोहणाऱ्या त्या पोराचा बाप तुम्ही कधी पाहिलेलाच नाही.