राज्याची वेस आणि उदरातील कन्या

राजगडनजीकचे मोहनखेडा हे जैन बांधवांचे तीर्थ धार-देवासकडील वाचकांस परिचित आहे. किड्यामुंगीलाही जपणाऱ्या साधुसाध्वींचा हा परिसर. पवारांच्या काळी माळव्यात येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांत काय किंवा इतरांच्या घरांत काय, उदरातील कन्येविषयी तितकी दया नेहमीच आढळते असे नाही. यासंबंधी महाराष्ट्राने केलेल्या एका कायद्याची हकिकत जाणून घेण्याजोगी आहे.

१८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरविला होता. पुढे शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींवरून संसदेने १९७१ मध्ये कायदा केला व काही ठराविक कारणांसाठी त्यास मोकळीक दिली. ही मोकळीक २०२१ च्या दुरुस्तीने अधिक वाढली. ख्रिस्तसभेस ती मान्य नाही. का, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगणे नलगे. परंतु 'मुलगी आहे, म्हणून नको' हे कारण त्या मोकळ्या कायद्यासही मंजूर नाही, याचा पुष्कळांना विसर पडतो.

गर्भजलपरीक्षा ही मुळात गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी निघाली. तिचा उपयोग लवकरच कन्या हुडकून काढण्याकडे होऊ लागला. १९८६ च्या सुमारास मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे दिसून आले. हे सारे शिकलेसवरलेले लोक! स्त्रीसंघटना व काही सद्सद्विवेकी डॉक्टर यांनी चळवळ उभारली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने अशा परीक्षांवर निर्बंध घालणारा कायदा केला. भारतात असा कायदा करणारे हे पहिलेच राज्य.

कायदा चांगला होता, पण तो राज्याच्या वेशीशी थांबत होता. अलीकडे धुळे-जळगावात जे निषिद्ध, त्यास पलीकडे इंदूर-धारमध्ये प्रतिबंध करणारा कायदाच नव्हता. ही फट बुजावयास संसदेचा १९९४ चा कायदा यावा लागला, व तो लागू झाला १ जानेवारी १९९६ रोजी. तरीही अंमलबजावणी सुस्तच. २००० मध्ये काही कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने सरकारांना खडसावले, आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला.

दरम्यान जनगणनेचे आकडे काय सांगत होते? सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३. २०११ साली ८९४. मध्य प्रदेशात त्याच क्रमाने ९४१, ९३२ व ९१८. ज्या राज्याने कायदा सर्वांत आधी केला, तेच अधिक खाली घसरले. तपासणीची यंत्रे जेथे अधिक, पैसा जेथे अधिक, तेथे पाप करण्याची सोयही अधिक, असेच म्हणावे लागते.

गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने कळवू नये, असे हा कायदा सांगतो. 'पेढा की बर्फी' हे विनोदाचे बोलणेही त्या खोलीत गुन्हा ठरते. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा नमुना 'एफ' भरावा लागतो. ही निव्वळ कारकुनी आहे अशी डॉक्टरांची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती फेटाळली. मला मात्र सर्वांत महत्त्वाचे वाटते ते कलम २४. स्त्रीची अशी तपासणी झाली असेल, तर पती वा नातेवाइकांनीच तिला भाग पाडले, असे न्यायालयाने उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावयाचे आहे. म्हणजे डॉक्टरांच्या खोलीतून कायदा थेट घराच्या माजघरात शिरतो.

'हे आपल्यात घडत नाही' असे आपण ख्रिस्ती लोक सहज म्हणून जातो. पण तिसऱ्या कन्येच्या बाप्तिस्म्याला आलेले पाहुणे 'पुढच्या खेपेला देव देईल' असे बोलतात, तेव्हा बाळंतिणीची मान खाली जाते. ती खाली गेलेली मान कोणत्याही नमुन्यात नोंदली जात नाही. त्या वेळी आजीने वा आत्याने बाळाला उचलून घेतले, तर पुष्कळ काही वाचेल.

आणि कोठे तपासणीचा धंदा चालू असल्याचे कळले, तर प्रत्येक जिल्ह्यात यासाठी सक्षम अधिकारी नेमलेला असतो. त्याला पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्यावर कोणाही नागरिकास स्वतः न्यायालयात तक्रार नेता येते. त्यासाठी वकिलीची सनद लागत नाही.