घाटमाथ्यावरील पाहुणेघराची बांधणी

लोणावळ्यातील तुंगार्ली हा शांत भाग तलाव व झाडीमुळे पुण्या-मुंबईच्या लोकांस परिचित आहे. येथून राजमाचीकडे वाट जाते. गडाच्या पायथ्याशी उधेवाडीतील कुटुंबे गड पाहण्यास येणाऱ्यांना आपल्या घरी जेवण व निवारा देत आली आहेत. मावळातील ज्या शेतकऱ्यास घरालगत मोकळी जागा आहे, त्यासही पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधून शेतीस जोड देता येईल. मात्र बांधणीचा विचार आधी न केल्यास खोल्या रिकाम्या राहतात, कर्ज अंगावर येते आणि शेवटी जमीन विकण्याची पाळी येते.

येथे वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पाहुण्यांची गर्दीही पावसाळ्यातच होते. डोंगर-धबधबे पाहण्यास आलेला मनुष्य दिवसभर हौसेने भिजतो. परंतु रात्री त्यास कोरडे अंथरूण व कोरडी भिंत हवी असते. यास्तव नक्षी व रंग यांवर पैसा खर्च करण्यापूर्वी घर कोरडे कसे राहील, हे पाहावे.

छप्पर : सपाट छतावर पाणी साचते व पुढे ते गळू लागते. मग त्यावर पत्र्याची शेड घालण्याचा दुहेरी खर्च करावा लागतो. त्यापेक्षा प्रारंभीच उतरते कौलारू छप्पर घालावे. दर दोन फूट आडव्या अंतरास सव्वा फूट चढ ठेवल्यास पाणी वेगाने ओघळते. नुसता पत्रा स्वस्त खरा, पण त्यावरील पावसाच्या आवाजाने झोप लागत नाही. ५०० चौरस फुटांच्या छपरावर वर्षभरात सुमारे १ लाख ८५ हजार लिटर पाणी पडते. हे पाणी पायाशी मुरू न देता पन्हळीने टाकीत व जादा पाणी पक्क्या गटाराने खाचराकडे न्यावे.

भिंती : पावसाची झड मुख्यतः नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येते. त्या अंगास रुंद पडवी ठेवून छप्पर भिंतीबाहेर अडीच ते तीन फूट काढावे. मोठ्या खिडक्या पूर्व व उत्तर बाजूंस ठेवाव्यात. छपराजवळ समोरासमोर झरोके ठेवल्यास दमट हवा बाहेर जाते व बुरशी कमी धरते. जोते दोन फूट उंच असावे. कोकण किनाऱ्यावर जांभा दगड सोयीचा, तसा येथे काळा दगड सोयीचा आहे. आतून चुन्याचा हात दिल्यास बुरशीस आळा बसतो. ओले कपडे व बूट ठेवण्यास पडवीतच जागा करावी.

शौचालय : दोन शोषखड्ड्यांचे शौचालय कमी खर्चाचे असते. एक खड्डा भरला की दुसरा वापरावा. पहिला दीड वर्ष बंद ठेवल्यास त्यातील मळाचे खत होते. पावसाळ्यात येथे भूजल वर येते, म्हणून खड्डे विहिरीपासून किमान ५० फूट दूर व उताराच्या खालच्या अंगास घ्यावेत.

मनुष्यबळ : भाताची लावणी व पाहुण्यांची गर्दी एकाच वेळी येते. घरातील माणसे दोन्हीकडे पुरी पडणार नाहीत. त्यातही स्वयंपाकाचा भार स्त्रियांवर पडतो. म्हणून प्रारंभी दोनच खोल्या बांधाव्यात आणि लावणीच्या दिवसांत पाहुणे मोजके घ्यावेत. जेवणात शेतातील इंद्रायणी भात द्यावा. हे वाण वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसृत झाले. आपल्याच तांदळाचे ताट वाढल्यास विक्रीपेक्षा अधिक मोल मिळते.

परवानगी : राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली जाहीर झाले, राहत्या घरातील खोल्यांसाठी न्याहारी व निवास योजना आहे. नगरपरिषद व ग्रामपंचायत हद्दींतील बांधकामाचे नियम निराळे असल्याने, पाया खणण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी कर्जाचा अर्ज भरून देण्याआधी शेतकऱ्यासह जागेवर जावे. पाण्याचा उतार, वाऱ्याची दिशा व विहिरीचे अंतर पाहून आराखडा जमिनीवर फक्कीने आखून घ्यावा. कागदावरील चूक खोडता येते. बांधलेल्या भिंतीतील ओल मात्र दर पावसाळ्यात परत येते.