गल्लीतलं पाळणाघर

पश्चिम सिडनीतल्या आमच्या गल्लीत जुनं बैठं घर पाडून चाइल्डकेअर बांधण्याचा अर्ज आला, तेव्हा शेजारणीने विरोधाचा कागद फिरवला. आवाज, गाड्या आणि घरांच्या घसरणाऱ्या किमती हे त्यातले मुद्दे. मी सही केली नाही. माझी लेक तान्ही होती तेव्हा जवळ कुठेच जागा मिळेना. तिला सोडायला कामाच्या उलट दिशेला जावं लागायचं. लहान मुलं जिथे राहतात तिथेच त्यांचं पाळणाघर हवं, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं.

पण शेजाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. न्यू साउथ वेल्समध्ये दर मुलामागे आत ३.२५ आणि बाहेर ७ चौरस मीटर मोकळी जागा लागते. घराच्या साध्या प्लॉटवर एवढं अंगण काढायचं, शिवाय जास्तीत जास्त मुलं बसवायची, म्हटलं की खेळायची जागा थेट कुंपणाला भिडते. कुंपणापलीकडे कुणाची तरी झोपायची खोली असते. गाड्यांचंही तसंच. पालकांना मूल दारात उतरवून निघता येत नाही. आत नेऊन सोपवायचं, हजेरीची सही करायची. तेवढा वेळ गाडी उभी राहते, आणि सकाळी सगळे एकदमच येतात.

असा अर्ज, म्हणजे इथल्या बोलण्यातला ‘डीए’, काउन्सिलकडे आला की आसपासच्या घरांना कळवतात. हरकत कुणालाही घेता येते, पण सह्या मोजून निकाल लागत नाही. घराची किंमत घटेल या भीतीला सहसा वजन मिळत नाही. ‘राहत्या वस्तीत धंदा नको’ एवढ्यानेही भागत नाही, कारण अशा वस्तीत परवानगीने चाइल्डकेअर चालवता येतं.

मला खुपते ती पुढची गोष्ट. काउन्सिलने नकार दिला तर अर्जदार लँड अँड एन्व्हायर्न्मेंट कोर्टात जाऊन सगळं प्रकरण नव्याने तपासायला लावू शकतो. परवानगी मिळाली, तर शेजाऱ्याला मात्र सहसा तसं अपील नाही. हे न्याय्य नाही. तरी या कोर्टाची एक पद्धत मला मनापासून आवडते: समेटाची बैठक बहुधा त्या जागेवरच सुरू होते. कोर्टाचे कमिशनर येतात, शेजाऱ्यांचं ऐकतात, कुंपण आणि खिडक्या स्वतः पाहतात. तिथे मुलांची संख्या कमी होऊ शकते, अंगण दुसऱ्या बाजूला सरकू शकतं.

म्हणून हरकतीत नेमकं लिहावं. मी काउन्सिलला वेगळं पत्र दिलं. केंद्र व्हावं, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. पुढे मागितलं ते असं: लगतच्या घरात रात्रपाळी करणारी नर्स राहते, तिच्या खिडकीकडचं अंगण रस्त्याच्या बाजूला न्या, गाड्या आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी ठेवा, आणि एवढं करून जागा पुरत नसेल, तर मुलांची संख्या कमी करा.